वादी भावजय, प्रतिवादी दीर

माझ्याकडे जुने कागद घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना पूर्वज नको असतो. त्याच्या नावापुढच्या रकान्यातला एक शब्द हवा असतो. जातपडताळणीच्या समितीपुढे मांडायला पणजोबाचा शाळेचा दाखला, गाव नमुना 14 मधली जन्माची किंवा मरणाची ओळ, एखादं खरेदीखत. त्यात जातीचा उल्लेख सापडला की काम झालं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सरकारी कचेऱ्यांतली दप्तरं उघडली, तेव्हापासून तर भडगावसारख्या तालुक्याच्या गावातही मोडी वाचणाऱ्याला बरे दिवस आले. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळांची नोंदवही ही नेहमीची. पण पोलिसांचे अटक पंचनामे, तुरुंगाची आणि अबकारी खात्याची रजिस्टरंही माणसं धुंडाळू लागली. नोंद सापडली की माणूस तिची नक्कल घेतो, चहा पाजतो आणि जातो. ज्याची नोंद सापडली तो कसा जगला, हे विचारायला कोणी थांबत नाही. त्यात वाईट काही नाही. पोराच्या प्रवेशाची मुदत परवा संपत असते.

म्हणून त्या अमेरिकेतल्या मुलाचा फोन वेगळा वाटला. मूळचा गिरणाकाठच्या एका गावचा, भडगाव तालुक्यातलाच. आजी अजून गावी आहे, वडील पुण्यात. "आप्पा, दाखले सगळे आहेत आमच्याकडे," तो म्हणाला. "मला फक्त एवढं कळायला हवंय की आमचे खापरपणजोबा माणूस म्हणून होते कसे." त्याच्या कंपनीतल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने आपला पूर्वज थेट सतराव्या शतकापर्यंत नेऊन भिडवला होता. मॅसॅच्युसेट्सच्या एसेक्स परगण्यातल्या कोर्टांच्या 1636 पासूनच्या नोंदी तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापायला घेतल्या गेल्या. कुंपणाचे तंटे, शेजाऱ्याच्या पिकात शिरलेली डुकरं, उधारी, बदनामी, सगळं त्यात आहे. शिवाय घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायची त्यांची रीत. या दोन्हींची सांगड घालून त्या गृहस्थाने अख्खा माणूस उभा केला होता. आमच्या पोराला वाटलं, आपल्याकडेही असं काही असेल.

आहे की. फक्त ते छापलेलं नाही, एका जागी नाही, आणि बरंचसं मोडीत आहे.

मी मोडी शिकलो उशिरा. वकिलाकडे कारकुनी करत वय गेलं. कैफियती, दरखास्ती, वकालतनामे लिहून बोटं वाकडी झाली, तेव्हा कुठे पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गाला बसलो. वर्गात अक्षरं कळली; वाचायला मात्र कागदांनीच शिकवलं. मोडीतलं ऱ्हस्व-दीर्घ लिहिणाऱ्याच्या मर्जीवर, शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही आणि प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. वकिलाकडची कारकुनी इथे कामी आली. दाव्याच्या कागदात काय कुठे येणार हे आधीच ठाऊक असलं की अर्धं अक्षर दिसलं तरी पुरतं.

आजींना भेटायला गेलो. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण जिभेला धार आहे. हा खापरपणजोबा म्हणजे त्यांचा आजेसासरा. त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. जे ऐकलं ते सासूकडून. अहिराणीत त्यांनी दोन वाक्यांत इतिहास संपवला: "आमनी जमीन सावकारनी खादी. छप्पननं साल व्हतं, दाना नही, चारा नही. बाबानी अंगठा दिधा नि वावर गयं."

छप्पनचं साल म्हणजे संवत 1956, इंग्रजी 1899-1900 चा दुष्काळ. खानदेशातल्या प्रत्येक घरात या सालाची एक गोष्ट असते आणि बहुतेक गोष्टींत एक सावकार असतो. आजींच्या घरच्या गोष्टीला पुरावाही होता. पत्र्याच्या पेटीत, देवघराखाली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक मोडी कागद. "सावकारना कागद शे तो," त्या म्हणाल्या. सणाला पेटी पुसायची, कागदाला हळदकुंकू लावायचं, परत ठेवायचा. वाचला कोणीच नव्हता. मुंबई सरकारने 1917 मध्ये कारभारातून मोडी काढायचं ठरवलं, पुढे शाळांतूनही ती गेली. आजींच्या नवऱ्याच्या पिढीलाच तो कागद मुका झाला होता.

घडीवर घडी घालून कागद आठ ठिकाणी फाटायला आला होता. वर कोर्टाचा शिक्का, त्याखाली "नक्कल हुकूमनामा". पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि मी गप्प बसलो. प्रतिवादी म्हणून नाव खापरपणजोबांचंच होतं. पण वादीच्या जागी सावकार नव्हता. बाईचं नाव होतं, पुढे "कोम" आणि नवऱ्याचं नाव, त्याच्या मागे "मयत". आडनाव याच घराचं.

हुकूमनाम्याच्या घडीत दोऱ्यात ओवलेल्या लहान चिठ्ठ्या होत्या. त्या तशाच ठेवल्या. आजींना म्हटलं, "माई, घरी नेऊन नीट वाचतो." गावीच राहणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या नातवाने आधी मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढले, मगच कागद माझ्या हाती दिले. ही सवय मला आवडली.

असा कागद हाती आला की त्याच्यावरच सगळी इमारत उभी करायचा मोह होतो. मी तसं करत नाही. आधी आजपासून मागे जातो. कुटुंबाचा सातबारा काढला. इतर हक्कात शेरा होता: कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र. म्हणजे ही जमीन वडिलोपार्जित चालत आलेली नाही, कूळ म्हणून मिळालेली आहे. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कलम 32ग खाली कुळांना जमिनी विकत मिळाल्या, त्यांतली. त्याचा फेरफार काढला. जमीनमालक म्हणून सावकाराच्या वारसांची नावं; कूळ म्हणून याच घरातलं नाव. म्हणजे जमीन सावकाराकडे गेली ही गोष्ट खरी. पण नांगर याच घराचा राहिला, मालकी तेवढी गेली. आणि साठेक वर्षांनी तीही परत आली. घरात हे सांगितलं तेव्हा कोणी दचकलं नाही. "कुळकायद्यात भेटेल शे," हे त्यांना ठाऊकच होतं. परत मिळालेली जमीन आणि सावकाराने खाल्लेली जमीन एकच आहे, हे मात्र कोणी जोडून पाहिलं नव्हतं.

आणखी मागे गेलं की हक्कनोंदणी. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंद सुरू झाली. त्याआधीच्या सर्व्हेच्या कागदांत धारा भरणाऱ्या खातेदाराचं नाव मिळतं, पण जमीन त्याच्याकडे आली कशी हे मिळत नाही. सावकाराचं नाव हक्कनोंदीत लागलं त्या नोंदीत कारण लिहिलेलं होतं: दिवाणी कोर्टाच्या दरखास्तीतील लिलावात खरेदी. सोबत दरखास्तीचा नंबर आणि साल. वकिलाच्या कारकुनाला आणखी काय हवं?

इथे एक गोष्ट सांगतो, कारण या कामात लोक हमखास अडकतात. खानदेशी नावं. नथू, दगडू, धोंडू, चिंधा, उखा, झिपरू, शेनफडू. मूल जगावं म्हणून, नजर लागू नये म्हणून ठेवलेली ही नावं; ती इतकी ठेवली गेली की एका गावात एकाच काळात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन पुरुष सहज निघतात. बापाचं नाव "वल्द" लावून दिलेलं असतं म्हणून निभावतं, पण बापांचीही नावं तीच. मग सर्व्हे नंबर धरायचा. माणसं नावं वाटून घेतात. सर्व्हे नंबर एकाच वावराचा असतो. सालांचंही तसंच. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन जवळपास येतो, शकात 78, संवतातून 57 वजा. सावकाराची वही संवतात, धाऱ्याचा कागद फसलीत, कोर्ट इंग्रजी तारखेत. एकाच महिन्यातला व्यवहार तीन वेगळ्या सालांचा वाटतो.

भाटाच्या वहीतली वंशावळ घरच्यांकडे होती. त्यात खापरपणजोबा एकुलते एक: बाप, त्याखाली हे, त्याखाली यांचे मुलगे. सरळ काठी. मग हुकूमनाम्यातली ती याच आडनावाची बाई कोण? मुलाच्या वडिलांना मी नाशिकला पाठवलं, तिथून त्र्यंबकेश्वरला. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात. जो यात्रेकरू येतो तो आपली, भावांची, मुलांची नावं लिहून जातो. तिथे दोन भाऊ निघाले. थोरल्याने बापाचे दिवस घालायला आल्यावर नावं लिहवली होती, त्यात "धाकटे बंधू" म्हणून आमचे खापरपणजोबा. वयात अंतर बरंच असावं, कारण पुढच्या लग्नाच्या आणि मुलांच्या नोंदी थोरल्याच्याच आहेत. थोरल्याला मुलगा नव्हता. ज्याला पुत्र नाही त्याची फांदी भाटाच्या वहीतून पुढच्या उताऱ्यात गळते, यात भाटाला दोष देण्यासारखं काही नाही. ऐकणाऱ्यांनाच ती नको असते.

आता हुकूमनामा वाचायला बसलो.

दावा 1880 च्या दशकातला. वादी थोरल्या भावाची विधवा, प्रतिवादी दीर. तिचं म्हणणं: भाऊ विभक्त होते, अमुक वावर नवऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलं, सबब ते आपलं. ते नसेल तर पोटगी आणि मुलीच्या लग्नाचा खर्च तरी मिळावा. दिराचं म्हणणं: कुटुंब एकत्र होतं, भाऊ मेल्यावर सगळी मिळकत आपली, आणि शिवाय भावजयीने पाट लावलेला आहे, म्हणून पोटगीवरही तिचा हक्क नाही.

या एका वाक्यात त्या काळचा सगळा कायदा आहे. एकत्र कुटुंबातल्या पुत्रहीन पुरुषाच्या विधवेला तेव्हा मिळकतीत हिस्सा नव्हता, फक्त अन्नवस्त्र. हिस्सा, तोही हयातीपुरता, मिळायला 1937 चा कायदा यावा लागला, आणि पूर्ण मालकी 1956 ला. उलट 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. शेतकरी जातींत पाट पूर्वापार लागत होते. कायद्यामुळे ते दिराच्या वकिलाच्या हातातलं हत्यार झालं. वकिलाकडे कारकुनी केलेल्याला हे नवं नाही. विधवेवर "हिने दुसरं लग्न केलंय" असा आरोप मी स्वतः टाइप केलेल्या कैफियतींतही आहे.

पूर्ण निकालपत्रासाठी धुळं गाठावं लागलं. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा, मुख्य ठिकाण धुळे. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव त्यानंतर वेगळा झाला. तेव्हाच्या पक्षकाराची कल्पना करा. चाळीसगाव-धुळे आगगाडी 1900 मध्ये सुरू झाली. त्याआधी गिरणाकाठच्या शेतकऱ्याला जिल्ह्याच्या कोर्टात तारखेला जायचं तर बैलगाडी जुंपायची, दोन मुक्काम करायचे आणि तारीख तहकूब झाली की तसंच परत यायचं. वकिलाची फी, स्टँप, समन्सचा भत्ता, साक्षीदारांचं खाणंपिणं. बाईमाणसाने हे कसं निभावलं असेल, ते कागदात नाही. तिच्या माहेरचं कोणी पाठीशी असणार.

जुनी दप्तरं बघायला मिळणं म्हणजे नशीब. एका कचेरीत आम्हाला ज्या रुमालाची आशा होती तो सोडला तर आत वाळवीचं घर निघालं. कागद ठेवण्याचेही नियम असतात: महसुली दप्तरात अ वर्गाचे कागद कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-1 पाच आणि ड एक वर्ष. कोर्टातही तसंच: निकाल आणि हुकूमनामा टिकतो, साक्षीदारांच्या जबान्या मुदत संपली की जातात. म्हणजे न्यायाधीश काय म्हणाले ते राहतं. बाई पिंजऱ्यात उभी राहून काय म्हणाली ते जळतं. हा नियम करणाऱ्यांचा नाइलाज मला कळतो, जागा किती पुरणार? तरी प्रत्येक वेळी राग येतोच.

निकाल मिळाला. इंग्रजीत, तिरक्या लफ्फेदार अक्षरात. तो वाचताना कळलं की वादातलं वावर थोरल्याने 1860 च्या दशकात घेतलं होतं, कापसाच्या पैशातून. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव दिला. त्याच दशकात आगगाडी जळगाव-भुसावळपर्यंत आली. सरकारला खानदेशी कापसाची इतकी ओढ लागली की आमच्या भडगावलाच सरकारी शेत काढून वाणांचे प्रयोग झाले. कॅम्पबेलच्या 1880 च्या गॅझेटिअरमध्ये त्याची हकीकत आहे. फोनवर मुलाला हे सांगितलं तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे अमेरिका आमच्या घरात आधीच येऊन गेलीय."

न्यायाधीशांपुढे मुद्दा एकच होता: वावर घेताना भाऊ एकत्र होते की विभक्त? धाकटा तेव्हा दहा-बारा वर्षांचा पोर, थोरल्याच्याच ताटात जेवणारा. मग विभक्त कसे? न्यायाधीशांनी कुटुंब एकत्र ठरवलं. ज्या थोरल्याने धाकट्याला पोटाशी धरून वाढवलं, त्या वाढवण्याचाच पुरावा होऊन त्याच्या बायकोचं वावर गेलं. पाटाचा आरोप मात्र न्यायाधीशांनी फेटाळला, आणि तोही कडक शब्दांत. तिला दरसाल पोटगी, राहायला घराचे दोन खण, मुलीच्या लग्नाचा खर्च, आणि या सगळ्याचा बोजा जमिनीवर.

म्हणजे दावा धाकट्याने जिंकला. आता राहिला सावकार. दुय्यम निबंधकांकडच्या जुन्या सूचींपैकी एक नंबरची नावांवर असते आणि दोन नंबरची मिळकतीवर. नावांच्या सूचीवरून गहाणखत सापडलं. तारीख दाव्याच्या निकालाच्या आधीची. छप्पनच्या दुष्काळाला तेव्हा दहा वर्षांहून जास्त अवकाश होता. गहाणखतात कर्ज कशाला घेतलं ते लिहायची पद्धत असे: घरखर्चाकरिता, सरकारधाऱ्याकरिता, बैलाकरिता. इथे लिहिलं होतं: कोर्टकज्जाचे खर्चाकरिता. खाली "निशाणी नांगर". लिहिता न येणारा शेतकरी नांगराचं चित्र काढून सही करी, कारकून शेजारी दस्तुर, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, घाली. आजी म्हणतात तो अंगठा नव्हता, नांगर होता.

व्याज चढत गेलं. कर्जाचा हिशेब मुळापासून तपासायचा अधिकार कोर्टाला देणारा 1879 चा दख्खनचा शेतकरी कायदा पहिल्यांदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता, खानदेशला नाही. छप्पनच्या सालात हप्ता थकला आणि वावर लिलावात निघालं. सावकाराने जमीन खाल्ली हे खरं, दुष्काळही खरा. फक्त कर्ज काढलं होतं भावजयीशी लढायला, आणि ते वाक्य घरच्या गोष्टीतून कधीतरी गळलं. मुद्दाम कोणी गाळलं असेल असं मला वाटत नाही. नातवंडांना सांगायला सावकार सोयीचा पडतो, घरातली बाई पडत नाही.

इथेच थांबलो असतो तर त्या मुलाच्या हातात एक लोभी, भांडखोर खापरपणजोबा दिला असता. त्याने विचारलंही, "मग माणूस वाईटच होता म्हणायचा का?" दोऱ्यातल्या चिठ्ठ्या अजून वाचायच्या होत्या.

त्या पोटगीच्या पावत्या होत्या. कोर्टाबाहेर दिलेला पैसा कोर्टात सिद्ध करता यावा म्हणून ऋणको अशा पावत्या जपून ठेवत. दरखास्तींच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांच्या, रजिस्टरात बाईच्या दरखास्ती सुरुवातीच्या वर्षांत दिसतात. तेव्हा हुकूमनामा जिवंत ठेवायला तीन वर्षांच्या आत काही ना काही हालचाल करावी लागे. दोन दरखास्ती, एकदा बैलांवर जप्ती. त्यानंतर रजिस्टरात ती नाहीच. नुसतं कोर्टाचं दप्तर पाहिलं असतं तर ती मेली किंवा गाव सोडून गेली असं मी धरून चाललो असतो. पण पावत्या पुढे चालूच आहेत, वर्षाच्या वर्षाला. प्रत्येकीवर खाली शाईचा एक गोल आणि त्यापुढे "निशाणी बांगडी". पहिल्या काही पावत्यांवर साक्षीला पाटील आहे, कुलकर्ण्याचा दस्तुर आहे. पुढे साक्षीदार नाहीत. एका पावतीत रोख रकमेऐवजी ज्वारी आणि लुगडं लिहिलेलं आहे. मुलीच्या लग्नाचा खर्च भरून पावल्याची एक वेगळी आहे, तीत नवऱ्या मुलाच्या गावाचं नाव. आणि शेवटच्या तीन-चार पावत्या मोडीत नाहीत, बाळबोधीत आहेत, शाळकरी पोराच्या टपोऱ्या अक्षरात. दस्तुर म्हणून ज्याचं नाव आहे तो प्रतिवादीचाच मुलगा, म्हणजे या अमेरिकेतल्या मुलाचा पणजोबा. चुलतीने पोटगी पावल्याची पावती तिच्या वतीने दिराच्या पोराने लिहायची आणि तिने खाली बांगडी काढायची!

एका ओसरीवर बसल्याशिवाय हे होत नाही. भांडण केव्हा मिटलं, कोणी मिटवलं, याला कागद नाही, कारण मिटल्यावर कोणी स्टँप घेत नाही. कारकुनीच्या उभ्या आयुष्यात मी माणसं फक्त भांडतानाच पाहिली. तडजोड झाली की पक्षकार आमच्या टेबलाशी येतच नसत. पुढची हकीकत आम्हाला ठाऊक नसायची. कोर्टाच्या कागदावरून माणसाचा स्वभाव ठरवू नये, हे मी त्या मुलाला याच अनुभवाने सांगितलं. जमिनीच्या बाबतीत तो कायद्याच्या आधारानेच वागला. पाटाचा आरोप मात्र त्याने करायला नको होता. तो त्याच्या नावावर राहणारच. आणि लिलावात वावर गेल्यावर, दुसऱ्याच्या जमिनीत कूळ म्हणून राबत असताना, त्याने भावजयीचा पैसा थकवलेला दिसत नाही, हेही राहणार.

बाईच्या मरणाची नोंद गाव नमुना 14 मध्ये मिळाली. कारणाच्या रकान्यात "ताप". शेवटची पावती त्याच्या आदल्या वर्षाची. 1872 च्या सप्टेंबरातल्या गिरणेच्या महापुराने या पट्ट्यातली घरंच्या घरं नेली, त्यामुळे त्याआधीचं घरगुती दप्तर जवळपास शून्य. या घराची पेटी त्यानंतरची म्हणून वाचली. सगळे कागद वाचून झाल्यावर आजींना जाऊन सांगितलं, जोरात, कानाशी. सावकाराचा नव्हे, तुमच्या चुलत आजेसासूचा कागद आहे. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तिनं नाव काय व्हतं?"

नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. कागदाला हळदकुंकू अजूनही लागतं. आता कोणाला लावतो ते ठाऊक आहे. इथे ते नाव देत नाही, ते त्या घरचं आहे. मुलाने अमेरिकेत वंशावळ नव्याने काढली, तीत थोरला भाऊ आला, ही बाई आली, तिची मुलगी आली.

मुलीपाशी मात्र गाडी अडली. तिच्या सासरचं गाव पावतीत आहे, धुळ्याकडचं. लग्नात नाव बदललं असणार, आडनाव तर बदललंच. त्या गावी जाऊन विचारलं. तिथल्या घरांतून पुरुषांची नावं सात पिढ्यांपर्यंत मिळाली, आणि त्यांच्या बायका कुठल्या गावच्या लेकी, हे तिसऱ्या पिढीमागे एकालाही सांगता आलं नाही. तिच्या पोटचं आज कोणी असेल तर शंभर मैलांच्या आत असेल. धुळ्यातच इतिहासकार राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. घरोघर फिरून दप्तरं गोळा करणाऱ्या त्या माणसाचा शेवट या गावात झाला. त्यांनीही जमवली ती बहुतेक पुरुषांनी पुरुषांना लिहिलेली पत्रं.

तेव्हा वंशावळ काढायला कोणाकडेही जाणार असाल, तर आधी एवढं करा. पेटीतला मोडी कागद लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि वाचून घ्या, तो तुम्हाला सांगितलाय तोच असेल असं धरू नका. आणि घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिच्यापाशी वही घेऊन बसा. तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, तिच्या सासूचं माहेर, नणंदा कुठे दिल्या ते सगळं लिहून घ्या. पुरुषांची नावं सातबाऱ्यावरून माझ्यासारखा कोणीही काढून देईल.